काळ्या पाषाणात बोल्ट : ड्रिल कोणते घ्यावे?

आमच्या पिंगळीच्या आसपास चढण्याजोगा एकही कडा नाही. काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण. तोही आम्हाला विहिरीमुळे ठाऊक. परंतु सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हाच बेसाल्ट पश्चिमेस सह्याद्री होऊन उभा आहे. खंडाळ्याजवळची नागफणी किंवा तैलबैलाच्या भिंती चढणारे याच दगडावर चढतात. आमच्या वर्गातील दोघे-तिघे प्रस्तरारोहण शिकायला जाणार आहेत. ज्या बोल्टला ते दोर अडकवतील त्याचे भोक कशाने पाडले, हा त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

बोल्टसाठी साधारणपणे १० ते १२ मिलिमीटर जाडीचे आणि ६ ते ९ सेंटिमीटर खोल भोक लागते. युरोपीय मानकानुसार चांगल्या बोल्टने कड्याच्या दिशेने खाली बसणारी २५ किलोन्यूटनची ओढ, म्हणजे सुमारे अडीच टन, सोसली पाहिजे. भोक उथळ वा वाकडे झाले तर बोल्ट कितीही महाग असो, व्यर्थ.

माझे वडील विहिरीच्या कामावर सुरुंगाची भोके हाताने पाडीत. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा, आणि दर घावानंतर पहार थोडी फिरवायची. न फिरवल्यास ती अडकते. विजेचे यंत्र तरी दुसरे काय करते? घाव आणि वळण, मिनिटाला काही हजार वेळा. गिर्यारोहकांची जुनी हातड्रिलही याच रीतीची. ती हलकी, बिनबॅटरीची, परंतु कठीण बेसाल्टात एकेका भोकाला फार वेळ खाते. दोरावर लोंबकळणारा माणूस थकतो आणि थकलेला माणूस भोक अर्ध्यावर सोडतो.

आता विजेच्या ड्रिलकडे वळू. विजेचे हातड्रिल जर्मनीत १८९५ साली निघाले. आज दुकानात 'हॅमर ड्रिल' म्हणून मिळणाऱ्या स्वस्त यंत्रात दातेरी चकत्या एकमेकींवर घासून थरथर निर्माण होते. ती खडकात उतरावी म्हणून मागून अंगाचा भार द्यावा लागतो. भिंतीला भोक पाडताना पाय जमिनीवर असतात. कड्यावर मात्र जितके दाबावे तितके आपणच मागे ढकलले जातो! 'रोटरी हॅमर'मध्ये दट्ट्या हवेच्या उशीवरून घाव घालतो. घावाचे बळ दाबावर अवलंबून नसते. म्हणून माझ्या मते निवड इथेच संपते. पेट्रोलवर चालणारे यंत्र जोरदार खरे, पण जड व धुराचे.

बॅटरीवरचे, तीन-चार किलोचे, दोन ते तीन ज्यूल घावाचे आणि 'एसडीएस प्लस' पकडीचे यंत्र पुरे. या पकडीत पाते मागेपुढे मोकळे हलते, त्यामुळे घाव वाया जात नाही. पाते अडकले तर मनगट पिरगळते, म्हणून आपोआप सुटणारा क्लच असलेलेच यंत्र घ्यावे. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ९० वॉट-तास. हा गुणाकार करूनच दोन यंत्रांची तुलना करावी, नुसत्या व्होल्टवर भुलू नये. पात्याच्या टोकाला टंगस्टन कार्बाइड हवे, आणि चार धारांचे पाते दोन धारांच्यापेक्षा भोक अधिक गोल पाडते. झिजलेल्या पात्याचे भोक बारीक पडते आणि बोल्ट मध्येच अडतो. यंत्राला स्वतःचा दोर बांधावा. खाली माणसे असतात.

यंत्र हाती आले तरी जागा कानाने शोधावी. वडील हातोडीने खडक ठोकून पाहत. 'खण्ण' वाजला तर पक्का, 'भद्द' वाजला तर पोकळ. कड्यावरही हीच परीक्षा करतात. सह्याद्रीत बेसाल्टच्या दोन थरांमध्ये कधी तांबडा मऊ थर असतो, तर कधी दगडात गारगोट्यांनी भरलेली छिद्रे असतात. असल्या जागी बोल्ट नको. आणि पावसाळ्याचा विचार करता बोल्ट स्टेनलेस स्टीलचाच हवा.

भोक पडल्यावर धूळ फुंकणीने उडवून, ब्रश फिरवून पुन्हा फुंकावी, दोन-तीनदा तरी. रासायनिक गोंदाने बसवायचा बोल्ट असेल तर याची गरज अधिकच, कारण आत धूळ राहिली तर गोंद धुळीलाच चिकटतो. फुंकताना डोळ्यांवर चष्मा असू द्यावा.