'द मूनस्टोन' आणि त्याचे वाचक : गुन्ह्याचा बदलता शोध

विल्की कॉलिन्स यांची 'द मूनस्टोन' ही कादंबरी ४ जानेवारी ते ८ ऑगस्ट १८६८ या काळात चार्ल्स डिकन्स यांच्या 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. जुलै १८६८ मध्येच तिची तीन खंडांची आवृत्ती निघाली. रेचेल व्हेरिंडर हिला वाढदिवसाला मिळालेला भारतीय हिरा त्याच रात्री नाहीसा होतो, हा तिचा कथाविषय. चोर सापडला की रहस्यकथेचे वाचकाशी असलेले नाते संपते, असे सामान्यतः मानले जाते. ही कादंबरी मात्र दीडशेहून अधिक वर्षे पुन्हा पुन्हा वाचली गेली आहे. त्या वाचनाचा इतिहास पाहता, गुन्हा नेमका कोणता याविषयीची वाचकांची समजूत कशी बदलत गेली हे स्पष्ट होते.

पहिल्या वाचकांची उत्कंठा घटनेशी निगडित होती. ग्रंथरूप आवृत्तीचे प्रकाशक विल्यम टिन्सले यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत, नवा अंक निघण्याच्या दिवशी साप्ताहिकाच्या कचेरीबाहेर होणाऱ्या गर्दीचे आणि हिरा अखेर कोठे सापडेल यावर लागणाऱ्या पैजांचे वर्णन केले आहे. हे कथन तीन दशकांनंतरचे असल्याने ते काहीसे सावधपणे स्वीकारावे लागते. परंतु साप्ताहिक हप्त्यांनी वाचकाला तर्क लढवण्यासाठी सात दिवसांची सवड दिली होती, हे निर्विवाद आहे. दुसरीकडे, १८६७ मध्ये आरंभीचे भाग वाचून प्रसन्न झालेल्या डिकन्स यांनीच जुलै १८६८ मधील पत्रात कादंबरीची रचना असह्य कंटाळवाणी असल्याचे आपले सहकारी विल्स यांना कळवले. अनेक निवेदकांच्या साक्षींतून कथा उलगडण्याची पद्धती समकालीनांना सारखीच रुचली नव्हती, याचा हा पुरावा होय.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस वाचनाची कसोटी बदलली. टी. एस. एलियट यांनी या कृतीला इंग्रजी रहस्यकादंबऱ्यांत पहिले व सर्वश्रेष्ठ स्थान दिले आणि या प्रकाराच्या जनकत्वाचा मान पो यांच्याऐवजी कॉलिन्स यांना दिला. तोवर गुप्तहेरकथेचे संकेत स्थिरावले होते. हान्स रॉबर्ट याउस यांच्या परिभाषेत सांगायचे तर वाचकाचे अपेक्षाक्षितिज बदलले होते. धागेदोरे वाचकासमोर प्रामाणिकपणे मांडले आहेत काय, हा आता मुख्य प्रश्न ठरला. या दृष्टीने पाहता कादंबरीच्या आरंभीचे व अखेरचे भारतातील प्रसंग ही केवळ एक आकर्षक चौकट उरते.

१९७३ मध्ये जॉन रीड यांनी या चौकटीलाच केंद्रस्थान दिले. उपोद्घातात ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण इंग्रजांच्या हाती पडते, लुटालूट माजते आणि कर्नल हर्नकॅसल रक्षकांची हत्या करून हिरा बळकावतो. व्हेरिंडर यांच्या घरातील चोरी ही या आधीच्या चोरीची पडछाया ठरते. साम्राज्याची लूट हाच कादंबरीतील न कबूल केलेला गुन्हा होय, असे रीड यांचे प्रतिपादन आहे. उलट १९९३ मध्ये आशिष रॉय यांनी ही संहिता साम्राज्यवादी विचारव्यूहाच्या आतच वावरते, असा पक्ष मांडला.

भारतातील वर्गात हा वाद तात्त्विक राहत नाही. सोमनाथाच्या मूर्तीवरील हिऱ्याची कथा वाचणारा विद्यार्थी रीड यांच्या बाजूने सहज झुकतो. मग हे वाचन संहितेतून निघते की वाचक ते तिच्यावर लादतो, हा प्रश्न अध्यापकाला टाळता येत नाही.

त्याचे उत्तर शोधण्यास कादंबरीतीलच वाचक उपयोगी पडतात. वृद्ध कारभारी बेटरेज प्रत्येक अडचणीत 'रॉबिन्सन क्रूसो' उघडतो आणि हवा तो अर्थ त्यात पाहतो. मिस क्लॅक धार्मिक पुस्तिका इतरांच्या खोल्यांत दडवून ठेवते. तिच्या लेखी अर्थ आधीच ठरलेला असतो. तिसरा वाचक म्हणजे डॉक्टरांचा साहाय्यक एझ्रा जेनिंग्ज. डॉ. कँडी यांनी तापाच्या भ्रमात उच्चारलेले तुटक शब्द तो टिपून घेतो, मधल्या रिकाम्या जागा अनुमानाने भरतो आणि मागचेपुढचे शब्द जुळतात काय हे तपासतो. वोल्फगांग इझर यांनी वर्णिलेल्या रिक्त स्थानांच्या पूर्तीचे हे जणू प्रात्यक्षिकच आहे. पुढे तो फ्रँकलिन ब्लेक याला साक्षीदारांसमक्ष पुन्हा अफू देऊन आपले अनुमान पडताळतो. प्रयोगातून ब्लेकने नकळत हिरा उचलला हे सिद्ध होते. हिऱ्याचे पुढे काय झाले, हे मात्र कळत नाही.

ही पडताळणी रीड यांच्या वाचनाला लावली असता तिचा निष्कर्षही असाच अर्धा येतो. कादंबरीचा आरंभ श्रीरंगपट्टणात आणि शेवट सोमनाथाजवळ होतो. एबलव्हाइटची हत्या करून हिरा परत नेणारे तिघे ब्राह्मण कायद्याच्या हाती लागत नाहीत. विशेष म्हणजे ही सहानुभूती उत्तरकालीन वाचकांचा शोध नव्हे. २५ जुलै १८६८ च्या 'अथेनियम'मधील परीक्षणात जेराल्डिन ज्यूसबरी यांनी अखेरच्या प्रसंगाने वाचकाचे डोळे पाणावतील, असे नमूद केले होते. येथवर संहिता रीड यांना दुजोरा देते. तथापि इतक्या निवेदकांत एकही भारतीय नाही. तिघा ब्राह्मणांचा त्याग आपल्याला मर्थवेट या इंग्रज प्रवाशाच्या पत्रातूनच कळतो. त्यांच्याविषयी करुणा आहे, पण त्यांची साक्ष नोंदवलेली नाही. येथे रॉय यांच्या आक्षेपाला बळ मिळते.

तेव्हा लुटीचा प्रश्न विचारणारा भारतीय विद्यार्थी संहितेबाहेर जात नाही. तो प्रश्न पहिल्या प्रकरणातच मांडलेला आहे. मात्र कॉलिन्स यांना साम्राज्यविरोधी लेखक ठरवून तेथेच थांबणे, हे बेटरेजच्या वाचनाच्या जवळ जाणारे ठरेल. वर्गात उपोद्घात व मर्थवेट यांचे पत्र शेजारी ठेवून प्रत्येक ठिकाणी कोण बोलतो आणि कोणाविषयी बोलतो, याची नोंद विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास या वाचनाचा आधार आणि त्याची मर्यादा दोन्ही त्यांना स्वतःच दिसू शकतील.