नदी कोणत्या हाताला आहे?

चि. बाळास,



कोलकात्याला प्रवेश मिळाल्याचं ताईने कळवलं. हावड्याचं तिकीटही काढलंयस म्हणे. मोबाइलवरच्या नकाशाचं बोट धरून तू फिरशील हे मला ठाऊक आहे. तरी त्या शहरात मी अकरा वर्षं नोकरी केली, म्हणून हे पत्र. सांगायचं मुख्य एकच: कुठेही असलीस तरी आत्ता नदी आपल्या कोणत्या हाताला आहे, एवढं ध्यानात ठेव.

हावडा हे नदीच्या पश्चिमेचं वेगळं शहर. कोलकाता समोरच्या काठावर, नदीच्या कडेकडेने दक्षिणोत्तर वाढलेलं. काठाला स्ट्रँड रोड, मग चितपूरचा जुना रस्ता, मग सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू, मग कॉलेज स्ट्रीट, शेवटी सर्क्युलर रोड. सगळे थोड्याफार फरकाने नदीशी समांतर. सूर्य मावळतो तिकडे तोंड करून उभी राहिलीस की समोर गंगा, उजवा हात श्यामबाजारकडे, डावा कालीघाटकडे. नकाशावर तिला हुगळी लिहिलेलं असेल, पण घाटावरची माणसं गंगाच म्हणतात. तूही तसंच म्हण.

मात्र पाण्याच्या ओघावरून दिशा ठरवू नकोस. पहिल्या हिवाळ्यात मी तसं केलं होतं. अहिरीटोल्याच्या घाटावर उभी होते, दक्षिणेला बाबूघाटला जायचं होतं. नदी दक्षिणेला समुद्राकडे जाते एवढं शाळेत शिकलेलं, म्हणून जलपर्णीचे पुंजके वाहत होते त्या दिशेने काठाने चालत सुटले आणि थेट बागबाजारला निघाले. तिथल्या एका नावाड्याने हसत सांगितलं, ‘दीदी, आता जोआर आहे.’ जोआर म्हणजे भरती. समुद्र इतका दूर, तरी भरती शहराच्याही पुढे चढते आणि नदी काही तास उलटी वाहते. त्या दिवसापासून मी भरती-ओहोटीच्या वेळा बघू लागले, आणि शहर मला उमगायला लागलं.

हे नुसतं कुतूहल नव्हे. पावसाळ्यात गटारांचं पाणी नदीत सोडण्याची जी दारं आहेत ती भरतीच्या वेळी बंद करावी लागतात, नाहीतर नदीच शहरात शिरेल. म्हणून मोठा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की ठनठनिया, कॉलेज स्ट्रीट, अ‍ॅमहर्स्ट स्ट्रीट गुडघाभर पाण्यात. अशा वेळी निघायची घाई करू नकोस, दारं उघडेपर्यंत वर्गातच बस. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला कधी कधी भरतीची उभी लाट नदीतून वर येते, तिला तिथे ‘बान’ म्हणतात. घाटावर तशी सूचना ऐकू आली की खालच्या पायऱ्यांवरून निमूट वर ये. यात माझा शब्द मोडू नकोस.

नदी ओलांडायच्या वाटा पुष्कळ. मार्च २०२४ पासून नदीच्या तळाखालून मेट्रो जाते. बोगद्यातले निळे दिवे दिसले की वर गंगा आहे असं समजायचं, मिनिटाच्या आत ती मागे पडते. परीक्षेच्या दिवशी मेट्रोनेच जा. पण एखाद्या सकाळी हावड्याचा पूल चालत पार कर. १९४३ साली खुला झालेला हा पूल नट-बोल्टशिवाय, रिव्हेट ठोकून उभा केलाय. कोलकात्याच्या टोकाला खाली मल्लिकघाटाचा फुलबाजार भरतो. डोक्यावर झेंडूच्या माळांचा डोलारा घेतलेले हमाल पळत येतात, त्यांना आधी वाट दे. ते थांबू शकत नाहीत, आपण थांबू शकतो.

बसचं तंत्र वेगळं. कित्येक रस्ते सकाळी एका दिशेने आणि दुपारनंतर उलट दिशेने एकेरी होतात, त्यामुळे सकाळी जिथे उतरलीस तिथेच परतीची बस मिळेल असं धरून चालू नकोस. बंगाली आकडे गाडीतच शिकून घे: इंग्रजी आठासारखा दिसतो तो चार, नवासारखा दिसतो तो सात. उतरताना कंडक्टर ‘आस्ते, लेडीज!’ म्हणून ड्रायव्हरला ओरडेल. बस पूर्ण थांबेपर्यंत दांडी सोडू नकोस. ट्राम आता फार थोड्या उरल्यात. दिसली की काम नसलं तरी बस.

आता जरा मनातलं. मघाशी सर्क्युलर रोड म्हटलं ना, तो बराचसा एका खंदकाच्या जागी आहे. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांची फौज बंगालमध्ये शिरली, तेव्हा आपल्या मराठा स्वारांच्या भीतीने कोलकातेकरांनी तो खणायला घेतला. पुरा झालाच नाही, पण बागबाजारात मराठा डिच लेन अजून आहे. म्हणजे जुनं शहर एका अंगाला नदी आणि दुसऱ्या अंगाला आपलं भय, यांच्यामध्ये वसलेलं. आमच्या घरमालकीणबाई नातवाला निजवताना बर्गी आल्याची अंगाई म्हणायच्या. बर्गी म्हणजे आपले बारगीर. पहिल्यांदा अर्थ कळला तेव्हा मी जेवताना गप्प झाले. त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी माझ्या पानात माशाचा आणखी एक तुकडा वाढला. तुलाही कुणी ते ऐकवेल. वाद घालू नकोस, त्या फौजेचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना भेटीला बोलावून दग्याने मारलं हे लगेच सांगायला धावू नकोस. आधी ऐकून घे. खेड्यापाड्यांतली माणसं खरोखरच जळली-लुटली गेली होती.

सामान थोडंच घे, म्हणजे हावड्याला उतरल्यावर टॅक्सीच्या रांगेत उभं राहावं लागणार नाही. स्टेशनसमोरच फेरीघाट आहे. बाबूघाटची लाँच धर, आत न बसता कठड्याशी उभी राहा, पूल डाव्या हाताला मागे पडत जाईल. पलीकडे पोचलीस की मला फोन कर. पाणी कुठल्या दिशेला वाहत होतं ते सांग.

तुझी,
मावशी