मॅन्युअल बांधायचं काम

मागच्या महिन्यात कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले एक गृहस्थ मुलीला घेऊन सल्ल्यासाठी आले. उद्यमनगरातल्या फौंड्रीत त्यांची पंचवीस वर्षं गेलेली, मुलगी कॉम्प्युटर सायन्सची बीएस्सी. खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "सर, पुण्याची कंपनी हिला बोलावतीया, पण काम म्हणं मॅन्युअल लिहायचं. कॉम्प्युटर शिकवला तो कारकुनी करायला का?"

प्रश्न रास्त होता. टेक्निकल रायटर म्हटलं की आपल्याकडे टायपिस्ट डोळ्यांपुढे येतो. पण मोठ्या सॉफ्टवेअरचं मॅन्युअल वर्डमध्ये टाइप करून भागत नाही. ते हजारो पानांचं असतं, दर आवृत्तीला बदलतं, आणि तोच मजकूर वेबसाइटवर, पीडीएफमध्ये आणि प्रोग्रामच्या मदतखिडकीत लागतो. म्हणून तो बऱ्याच ठिकाणी एक्सएमएलमध्ये लिहितात. अक्षर ठळक की तिरकं हे तिथं कोणी सांगत नाही. ही सूचना, ही आज्ञा, ही तिसरी पायरी, एवढंच खुणांनी नोंदवलेलं असतं. रूप नंतर येतं, स्टाइलशीटमधून. मी त्यांना म्हटलं, धातू एकच, साचे वेगवेगळे. एका साच्यातून वेबपान निघतं, दुसऱ्यातून पीडीएफ. त्यांना चटकन कळलं. मुलीला जरा वेळ लागला.

ही विद्या नवी नाही. डॉकबुक नावाची खुणांची पद्धत १९९१ मध्ये सुरू झाली, एक्सएमएल १९९८ मध्ये प्रमाण ठरलं आणि आयबीएममध्ये जन्मलेल्या डिटा या तशाच दुसऱ्या पद्धतीला २००५ मध्ये मान्यता मिळाली. पुण्यात मोठं कार्यालय असलेल्या रेड हॅटनं तर डॉकबुकमधून पुस्तकं बांधायला पब्लिकन नावाचं स्वतःचं साधन तयार केलं होतं.

हे काम पोराला झेपेल का, हे ताडायला क्लास लावू नका. महागडं सर्टिफिकेट तर नकोच. त्यापेक्षा पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसचं मॅन्युअल घरच्या लॅपटॉपवर बांधायला, म्हणजे मूळ फाइलींतून वेबपानं आणि पीडीएफ काढायला सांगा. ते डॉकबुकमध्ये आहे, फुकट उतरवता येतं आणि त्याची पीडीएफ अडीच हजार पानांच्या वर जाते. (फाइलींच्या नावांना अजून एक्सएमएलच्या आधीच्या एसजीएमएलची शेपटी आहे, आत मात्र एक्सएमएल. पहिला गोंधळ तिथंच होतो.)

उबुंटूवर काम सोपं: डॉकबुकचे नियम, त्याच्या स्टाइलशीट, खुणा तपासणारा एक्सएमएललिंट, रूपांतर करणारा एक्सएसएलटीप्रॉक आणि पीडीएफसाठी एफओपी, एवढी पॅकेजं घातली की झालं. मॅकवर हीच मंडळी होमब्रूमधून येतात. विंडोजवर एकेक तुकडा जमवत बसण्यापेक्षा डब्ल्यूएसएल ही विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय घालून आतच उबुंटू चालवावं, असं माझं मत.

खरी परीक्षा पुढं आहे. एक्सएमएल फाइलीच्या डोक्यावर नियमांचा पत्ता इंटरनेटवरचा असतो. तोच नियम आपल्या मशीनवर कुठल्या फोल्डरमध्ये आहे, हे कॅटलॉग नावाची फाइल सांगते. ती चुकली की मॅन्युअल बांधणं अडतं, किंवा प्रोग्राम नेटवर शोधत ताटकळतो. एफओपी जावावर चालतो. मोठं पुस्तक दिलं की त्याला मेमरी पुरत नाही, ती वाढवून द्यावी लागते. आणि मराठी मजकूर घातला की पीडीएफमध्ये अक्षरांच्या जागी नुसत्या हॅशच्या खुणा उमटतात, कारण देवनागरीचा फॉन्ट त्याला कोणी दिलेला नसतो. लोहितसारखा मुक्त फॉन्ट सेटिंगच्या फाइलीत नोंदवला की अक्षरं येतात. जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट बसवणं एफओपीला २०१२ च्या १.१ आवृत्तीपासून जमतं, म्हणून जुनी आवृत्ती वापरू नये.

या खटपटीत जो चिडून लॅपटॉप मिटतो, त्याला दुसरी वाट दाखवा. जो रात्री अकराला एररची ओळ पुन्हा वाचतो, त्याच्यासाठी हे काम आहे. इंग्रजी साधं आणि अचूक हवं. फाडफाड नसलं तरी चालतं. मराठी माध्यमाची पोरं इथं मागं पडतात असं मला दिसलेलं नाही. उलट ती छोटी वाक्यं लिहितात.

आता कडू भाग. डॉकबुकची चलती पूर्वीसारखी राहिलेली नाही. लिनक्स कर्नलनं ते सोडून स्फिंक्स हे दुसरं साधन घेतलं, फेडोरा हे लिनक्स अ‍ॅस्कीडॉक या साध्या खुणांच्या पद्धतीकडे गेलं. अमेरिकेतली टेक्निकल रायटरांची जुनी संस्था, सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन, जानेवारी २०२५ मध्ये बंद झाली. साधा मसुदा आता एआय लिहून देतो. त्यामुळे नुसता लिहिणारा अडचणीत येईल, असं मला वाटतं. लिहिणारा आणि साधनं तिन्ही सिस्टिमवर चालती ठेवणारा माणूस अजून लागतो, कारण साधन बदललं तरी पाथ, फॉन्ट आणि आवृत्त्यांची भांडणं तीच राहतात. पहिला पगार कोडिंगवाल्या मित्रापेक्षा कमी असू शकतो. घरात हे आधीच बोलून घ्या.

गृहस्थांनी शेवटी विचारलं, "लॅपटॉप नवा घ्यायला लागंल का?" म्हटलं, आहे तोच चालेल. पाहिजे तर आठ जीबी रॅम करून घ्या.

आठवड्यानं मुलीचा फोन आला. तिनं घरच्या पत्त्याचं एक पान मराठीत करून पाहिलं होतं. हॅश गेल्या होत्या, 'शिवाजी पेठ' वेलांटीसकट नीट उमटलं होतं. पण घरच्या विंडोजवर दिसणारं रंकाळ्याचं चित्र मैत्रिणीच्या उबुंटूवर गायब. मी उत्तर दिलं नाही, फाइलीचं नाव पुन्हा बघ एवढंच म्हटलं. अर्ध्या तासात मेसेज आला: चित्राच्या फाइलीच्या नावातलं पहिलं अक्षर कॅपिटल होतं, मजकुरात लहान. विंडोजला चालतं, लिनक्सला नाही. मुलाखत सोमवारी आहे.