बोडीतील झिंगे का मरतात? कारण शोधण्याची रीत

चामोर्शी तालुका हा वैनगंगेच्या काठचा, धान पिकविणारा तालुका होय. येथील धानाची भिस्त बोड्यांवर व तलावांवर आहे. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली व मालगुजारांचे तलाव शासनाकडे आले. त्यांनाच आज आपण माजी मालगुजारी, अर्थात ‘मामा’ तलाव म्हणतो. या तलावांतून व शेतांतील बोड्यांतून कटला, रोहू, मृगळ या माशांबरोबर झिंगे वाढविण्याकडे शेतकऱ्यांचा व मच्छीमार बांधवांचा कल होत आहे. झिंग्यांना भाव चांगला मिळतो. परंतु बीज सोडावे आणि काही दिवसांनी मेलेले झिंगे काठाला लागलेले पाहावे, असा अनुभवही पुष्कळांना येतो.

ही हानी लहान नव्हे. आपण वाढवितो तो मोठा झिंगा गोड्या पाण्यात वाढतो खरा, परंतु अगदी बाल्यावस्थेत त्याला मचूळ, म्हणजे किंचित खारे पाणी लागते. त्यामुळे बोडीत त्याची पैदास होत नाही. बीज दरवर्षी बीजोत्पादन केंद्रातून विकत आणावे लागते. एकदा झिंगे मेले की त्या वर्षाचा पैसा गेला. म्हणून पुन्हा बीज सोडण्यापूर्वी मरणाचे कारण शोधले पाहिजे.

एक अनुभव

एका शेतकरी बंधूंच्या बोडीतील झिंगे लागोपाठ दोन वर्षे मेले. पहिल्या वर्षी प्रस्तुत लेखकाने फारशी चौकशी न करता चुना टाकण्याचा सल्ला दिला. चुना टाकला गेला, खर्च झाला, आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच घडले. तेव्हा मात्र काठावर बसून नीट विचारपूस केली. बोडीतील मासे जिवंत होते. मेले होते ते केवळ झिंगे आणि पाण्यावर पळणारे किडे. दोन दिवसांपूर्वी वरच्या अंगाच्या बांध्यांत खोडकिड्यासाठी फवारणी झाली होती, त्याच रात्री पाऊस पडला होता आणि बांध्यांचे पाणी बोडीत उतरले होते. इतके कळल्यावर कारण सांगण्यास प्रयोगशाळेची गरज उरली नाही. पहिल्याच वर्षी हे प्रश्न विचारले असते तर एका वर्षाचे बीज वाचले असते.

कोण मेले व केव्हा मेले?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम हे दोन प्रश्न विचारावेत. बहुतेक वेळा उत्तर त्यांतच सापडते.

(१) झिंगे व पाणकिडे मेले, मासे वाचले : कीटकनाशकाचा संशय घ्यावा. झिंगा हा मासा नव्हे. सांधेदार पायांचा, कवचधारी असा तो कीटकांच्या कुळाजवळचा प्राणी आहे. जे औषध किडीला मारते ते झिंग्यालाही मारते. सायपरमेथ्रिन, लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन यांसारखी औषधे माशांनाही घातक आहेत. परंतु झिंगे त्याहून पुष्कळ कमी मात्रेत मरतात.

(२) मासे मेले, झिंगे वाचले : मोहाची ढेप पाण्यात गेली काय, ते पाहावे. तिच्यातील सॅपोनिन हे द्रव्य माशांच्या कल्ल्यांवर आघात करते. झिंगे ते अधिक सहन करतात.

(३) पहाटे मासे व झिंगे दोन्ही पृष्ठभागावर किंवा काठाशी येतात व सकाळपर्यंत मरतात : हा प्राणवायूचा अभाव होय. हिरवे शेवाळ दिवसा प्राणवायू देते, परंतु रात्री तोच वापरते. म्हणून पाण्यातील प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. ढगाळ दिवसांनंतर किंवा खाद्य व शेण जास्त झाल्यास धोका वाढतो. लिटरमागे ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा. ३ मिलिग्रॅमच्या खाली झिंगे संकटात येतात.

(४) बीज सोडल्यापासून एक-दोन दिवसांत मेले : पिशवीतील व बोडीतील पाण्याच्या फरकाचा हा धक्का असतो. पिशवी अर्धा तास बोडीत तरंगत ठेवावी, मग तीत बोडीचे पाणी थोडे थोडे मिसळावे आणि नंतरच बीज सोडावे.

(५) रोज एक-दोन, मऊ अंगाचे व कुरतडलेले झिंगे सापडतात : वाढताना झिंगा कात टाकतो. नवे कवच टणक होईपर्यंत तो दुबळा असतो आणि इतर झिंगे त्याला खातात. बोडीत बांबूच्या फांद्या व जुनी कौले टाकून लपण्यास जागा करावी. बीजही दाट सोडू नये.

(६) कडक थंडीत मेले : पाणी २० अंश सेल्सिअसच्या खाली गेले की वाढ मंदावते, व १४ अंशांच्या आसपास झिंगे मरू लागतात. उथळ बोडीत हे लवकर घडते. अशा बोडीतील झिंगे थंडी वाढण्यापूर्वीच काढून घ्यावेत.

दोन घमेल्यांची चाचणी

संशय राहिल्यास ही सोपी चाचणी करावी. मरतूक दिसताच, त्याच सकाळी, बोडीचे पाणी एका पसरट प्लॅस्टिकच्या घमेल्यात घ्यावे व दुसऱ्यात विहिरीचे स्वच्छ पाणी घ्यावे. उशीर केल्यास विषाचा अंश कमी होऊन चाचणी फसते. जवळच्या नाल्यातील पाच-पाच लहान, तरतरीत झिंगे दोहोंत सोडून घमेली सावलीत ठेवावीत. घरातील काचेच्या टाकीला लावतात तसा हवेचा लहान पंप मिळाल्यास दोहोंना लावावा. चोवीस तासांनी पाहावे. केवळ बोडीच्या पाण्यातील झिंगे मेले तर पाण्यात विष आहे. दोन्हीकडे जगले तर पाणी विषारी नाही. प्राणवायू, थंडी किंवा कात यांकडे वळावे. दोन्हीकडे मेले तर चाचणीतच दोष आहे. ती पुन्हा करावी.

येथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. तांब्याचे भांडे वापरू नये, कारण पाण्यात उतरलेले तांबे झिंग्यांना मारक आहे. तसेच नुकतीच ब्लीचिंग पावडर टाकलेल्या विहिरीचे पाणी घेऊ नये. घरी काचेच्या टाकीत झिंगे पाळणाऱ्यांचेही झिंगे अनेकदा याच दोन कारणांनी मरतात.

उपाय

प्राणवायूचा अभाव असल्यास खाद्य बंद करावे व स्वच्छ पाणी उंचावरून पडेल असे सोडावे. विषाचा संशय असल्यास वरून येणारा पाट तत्काळ बंद करावा व स्वच्छ पाणी आणावे. दूषित पाणी दुसऱ्याच्या तलावात सोडू नये. मेलेले झिंगे खाऊ नयेत, विकू नयेत, कोंबड्यांनाही घालू नयेत. ते खोल पुरावेत.

चुना हे सर्व रोगांवरील औषध नव्हे. पाण्याचा सामू ७ ते ८.५ असावा, तो कमी असेल तरच चुना उपयोगी पडतो. अमोनिया साठलेल्या पाण्यात चुना टाकल्यास सामू वाढून अमोनियाचा विषारी अंशही वाढतो. म्हणून आधी सामू तपासावा.

पुढील वर्षासाठी बोडीच्या वरच्या अंगाला चर काढून बांध्यांचे पाणी बाहेरून वळवावे. पावसाची चिन्हे असता फवारणी करू नये, व फवारणीनंतर बांधीतील पाणी काही दिवस बांधीतच अडवावे. फवारणीचा पंप बोडीत धुऊ नये. वरच्या बांधीचा मालक दुसरा असेल तर झिंगे सोडण्यापूर्वीच त्याच्याशी बोलून ठेवावे. मरतूक झाल्यावर भांडण करण्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडते.

शेवटी, एक साधी वही ठेवावी. बीज कोणत्या दिवशी सोडले, पाऊस केव्हा पडला, आसपास फवारणी केव्हा झाली, झिंगे केव्हा मेले व त्यांच्यासोबत आणखी काय मेले, एवढे तीत लिहावे. अशी वही असली म्हणजे एका वर्षाची हानी दुसऱ्या वर्षी टाळता येते.