प्रार्थना केली, तरी आई गेली

प्रश्न : आईच्या बायपाससाठी आम्ही न्यू जर्सीत रोज प्रार्थना केली. तरी ती गेली. आता देवावर विश्वास का ठेवावा?

उत्तर : आपली प्रार्थना कमी पडली, हे आधी मनातून काढा. हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांचा अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांतला, बायपासच्या १,८०२ रुग्णांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात परक्यांनी केलेल्या प्रार्थनेने शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी झाली नव्हती. मला त्याचं नवल वाटलं नाही. देव काही औषधाचा डोस नव्हे. तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात गेले. विठ्ठलाशी तुकोबांचं भांडणही चाललं, भजनही. मला विश्वासाचं कारण तिथे दिसतं : मागणं फेटाळलं गेलं तरी ज्याच्याशी भांडावं, असा कोणी उरतो. तुम्हीही खुशाल भांडा. सध्या काही मागू नका.