ओट्सचा भाजलेला नाश्ता आणि बिस्किटाची बरणी: गोडी किती, पोषण किती?

ओट्स पौष्टिक असतात, ही माहिती आता वस्तीतल्या किराणा दुकानापर्यंत पोचली आहे. त्याच्याच पुढचा प्रकार म्हणजे ‘बेक्ड ओटमील’. ओट्स, दूध, अंडी आणि फळ एकत्र कालवायचे, ओव्हनमध्ये भाजायचे आणि वडीसारखे तुकडे करून खायचे. हा मूळचा अमेरिकेतला नाश्ता आहे. तिथल्या शेतकरी अमिश समाजाशी त्याचे नाव जोडले जाते. शहरात शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या आपल्या मुलींमध्ये सध्या त्यात मसालेदार ‘कुकी बटर’ घालण्याची आवड दिसते. आरोग्य शिबिरांत आम्हाला विचारले जाते, “ताई, हे रोज खाल्लं तर चालेल का? आईला शुगर आहे, तिला देऊ का?”

आमचे उत्तर असे: ओट्स चालतील, बरणी मात्र मोजून. त्याची कारणे आणि करण्याची कृती दोन्ही आज पाहू.

कुकी बटर म्हणजे काय?

नावात बटर असले तरी ते लोणी नाही. बेल्जियममध्ये ‘स्पेक्युलोस’ नावाची कुरकुरीत, खरपूस साखरेच्या चवीची बिस्किटे असतात. लेम्बेके या गावात १९३२ साली सुरू झालेल्या लोटस कंपनीने ती जगभर पोचवली. तिथले कामगार सकाळी लोणी लावलेल्या ब्रेडमध्ये ही बिस्किटे घालून डबा नेत आणि दुपारपर्यंत बिस्किटे विरघळून त्यांचा मऊ लगदा होई, असे सांगतात. पुढे बिस्किटांचा चुरा, तेल आणि साखर एकत्र वाटून तसाच लगदा बरणीत आला. अमेरिकेत त्याला कुकी बटर हे नाव पडले.

शेजारच्या नेदरलँड्समधल्या अशाच बिस्किटांत दालचिनी, लवंग, जायफळ, वेलदोडा, सुंठ असे मसाले असतात. हे मसाले आशियातून जहाजाने गेले. एकट्या जायफळाचा व्यापार ताब्यात घेण्यासाठी डच कंपनीने १६२१ मध्ये इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरच्या हजारो लोकांना मारले, उरलेल्यांना गुलाम केले किंवा हुसकावून लावले. बेल्जियममध्ये मसाले महाग पडत, म्हणून तिथल्या बिस्किटांत मुख्य चव खरपूस साखरेची आणि थोड्या दालचिनीची राहिली. बरणीतली चव तीच आहे, आणि ती आणण्याची सोय आपल्या मसाल्याच्या डब्यातच आहे.

लेबल काय सांगते?

प्रसिद्ध कंपनीच्या बरणीवरचे आकडे पाहा. १०० ग्रॅममध्ये साधारण ५८० कॅलरी, ३८ ग्रॅम चरबी, ३७ ग्रॅम साखर आणि प्रथिने फक्त ३ ग्रॅम. तेवढ्याच शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. चरबी शेंगदाण्यातही भरपूर आहे, पण सोबत प्रथिने आणि तंतू मिळतात. कुकी बटरमध्ये मुख्यतः मैदा, तेल आणि साखर मिळते.

आता हिशेब करू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर अधिक चांगले. मोठ्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. समजा, सहा तुकड्यांच्या भांड्यात आपण अर्धा कप (१२० ग्रॅम) कुकी बटर आणि अर्धा कप (१०० ग्रॅम) ब्राऊन शुगर घातली. एका तुकड्यात २३-२४ ग्रॅम साखर गेली. सकाळी आठलाच दिवसभराचा वाटा संपला, आणि अजून चहा व्हायचा आहे! ब्राऊन शुगर, मध, गूळ या नावांनी फसू नका. शरीराच्या दृष्टीने ती सारी साखरच.

ओट्स नेमके काय करतात?

ओट्समध्ये ‘बीटा-ग्लुकन’ नावाचा विरघळणारा तंतू असतो. पोटात तो पाणी धरून बुळबुळीत होतो. त्यामुळे अन्न सावकाश पुढे सरकते, जेवणानंतर रक्तातील साखर हळू चढते आणि भूक उशिरा लागते. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेले तर वाईट कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते. त्यासाठी सुमारे ७५ ग्रॅम ओट्स लागतात. आपल्या एका तुकड्यात ३० ग्रॅम असतील, म्हणजे फायदा आहे, पण हे औषध नव्हे. गोळ्या बंद करायच्या नाहीत.

पाकीट घेताना साधे चपटे ओट्स घ्या. मसाला ओट्सच्या पाकिटात मीठ जास्त असते, गोड चवीच्या पाकिटात साखर. अगदी बारीक, झटपट शिजणारे ओट्स रक्तातील साखर लवकर चढवतात.

कृती (सहा तुकडे)

कप २४० मिलिलीटरचा, मोठा चमचा १५ मिलिलीटरचा आणि लहान चमचा ५ मिलिलीटरचा धरा.

साहित्य: चपटे ओट्स २ कप (सुमारे १८० ग्रॅम), दूध पावणेदोन कप, अंडी २, खूप पिकलेली केळी २, भाजलेल्या शेंगदाण्यांचे तेल सुटेपर्यंत केलेले वाटण ४ मोठे चमचे, दालचिनी पूड १ लहान चमचा, सुंठ अर्धा लहान चमचा, वेलदोडा पूड पाव लहान चमचा, जायफळ आणि लवंग पूड एकेक चिमूट, बेकिंग पावडर १ लहान चमचा, मीठ पाव लहान चमचा. वरून घालायला कुकी बटर २ मोठे चमचे. ते नसले तरी अडत नाही.

१. केळी कुस्करा. त्यात अंडी, दूध आणि शेंगदाण्याचे वाटण घालून फेटा.

२. ओट्स, मसाले, मीठ आणि बेकिंग पावडर मिसळा. दहा मिनिटे भिजू द्या.

३. तेल लावलेल्या आठ इंची भांड्यात ओता. कुकी बटरची बरणी थोडा वेळ गरम पाण्यात ठेवा, म्हणजे ते पातळ होईल. मग ते वरून धारेने सोडा.

४. ओव्हन १८० अंशांवर आधी तापवून ३५ ते ४० मिनिटे भाजा. मधोमध सुरी घालून पाहा, ओले पीठ चिकटता कामा नये. अंडे आहे, म्हणून आत कच्चे ठेवू नका.

५. दहा मिनिटे निवल्यावर कापा.

ओव्हन नसेल तर जाड, जुनी कढई घ्या. तळाशी मीठ पसरा, त्यावर स्टँड ठेवा, झाकण घालून दहा मिनिटे तापवा. मग भांडे आत ठेवून मंद आचेवर ४५ ते ५० मिनिटे ठेवा. अंडे खात नसाल तर प्रत्येक अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवून घाला.

अशा एका तुकड्यात साधारण ३०० कॅलरी आणि १० ग्रॅम प्रथिने मिळतात. कुकी बटरमुळे येणारी साखर दोन ग्रॅमपेक्षा कमी. गोडवा केळ्याचा, वास मसाल्याचा.

सकाळी सातला कामाला निघणाऱ्या बहिणींनी हे रात्रीच करून ठेवावे. फ्रीजमध्ये तीन दिवस टिकते. पूर्ण निवल्यावर झाकून ठेवा आणि खाताना नीट गरम करा. घरातल्या सगळ्यांचा डबा भरून स्वतः चहा-बिस्किटावर निघणाऱ्या बायका आम्हाला रोज भेटतात. हा पहिला तुकडा त्यांनी आपल्या डब्यात ठेवावा.

काळजी कोणी घ्यावी?

• मधुमेह असेल तर एकच तुकडा घ्या, कुकी बटर वगळा, एकच केळे घाला आणि सोबत साखरेचा चहा नको. खाल्ल्यानंतर दोन तासांनी साखर तपासा, म्हणजे आपल्या शरीराला हे मानवते का ते कळेल. इन्सुलिन किंवा गोळी घेऊन नाश्ता टाळणे धोक्याचे आहे.

• रक्त कमी असेल तर नाश्त्यासोबत चहा घेऊ नका, निदान एक तासाचे अंतर ठेवा. चहामुळे अन्नातले लोह कमी शोषले जाते. सोबत पेरू किंवा संत्रे खा.

• शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर वाटण वगळा. ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांनी कुकी बटर खाऊ नये. साध्या ओट्समध्येही गव्हाची भेसळ होऊ शकते.

• मूत्रपिंडाचा आजार असेल तर केळे, दूध, शेंगदाणे डॉक्टरांना विचारूनच.

• दालचिनीने मधुमेह बरा होतो म्हणून चमचे भरून खाऊ नका. बाजारातली जाड सालीची दालचिनी बहुधा कॅसिया असते आणि ती रोज जास्त खाल्ल्यास यकृताला अपाय होऊ शकतो. जायफळही चिमटीपुरतेच, जास्त झाले तर विषबाधा होते.

आपल्या घरात आता शिकलेल्या मुली आहेत. बाजारातून कोणतीही बरणी आली की त्यांच्याकडून मागचे बारीक अक्षर मोठ्याने वाचून घ्या: साखर किती, तेल किती, प्रथिने किती. मग किती चमचे घालायचे ते घरात सगळ्यांनी बसून ठरवा.