इंग्लंडमधील बदनामीचा दावा आणि 'मॅलिस'

'मॅलिस' या इंग्रजी शब्दाचा अर्थ कोशात 'द्वेष' असा सापडतो. तोच अर्थ धरून इंग्लंडमधील अब्रुनुकसानीचे निकाल वाचायला बसलेला विद्यार्थी सुरुवातीलाच चुकतो. आम्हीही चुकलो होतो.

तेथील कायदा काही प्रसंगी बोलणाऱ्याला मर्यादित संरक्षण देतो. पूर्वीच्या मालकाने नोकराविषयी दिलेला अभिप्राय, चिटणिसाने सभासदांपुढे ठेवलेला अहवाल, नगरपरिषदेतील भाषण ही त्याची उदाहरणे होत. असे विधान खोटे ठरले तरी बोलणारा सुटतो. मात्र त्याच्या मनात मॅलिस होते हे वादीने सिद्ध केले, तर संरक्षण जाते.

हॉरॉक्स विरुद्ध लो हा खटला विद्यार्थी मित्रांनी नीट समजून घ्यावा. १९६९ साली बोल्टनच्या नगरपरिषदेत मजूर पक्षाचे लो यांनी हुजूर पक्षाचे हॉरॉक्स यांच्यावर जमिनीच्या प्रश्नावरून कडक टीका केली. लो यांचा आपल्या बोलण्यावर प्रामाणिक विश्वास होता, असे मूळ न्यायाधीशांनी नोंदवले; तरीही ते पूर्वग्रहाने इतके आंधळे झाले होते की ते मॅलिसच, असा निकाल दिला. अपील न्यायालयाने तो फिरवला आणि १९७४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनेही फिरवलेला निकालच कायम केला. लॉर्ड डिप्लॉक यांच्या म्हणण्याचा आशय असा, की सामान्य माणसे घाईने, पूर्वग्रहाने मत बनवतात. पण आपले बोलणे ती खरे मानत असतील, तर कायद्याने त्यांना सांभाळावे. खऱ्याखोट्याची पर्वाच नसलेला, किंवा संरक्षणाच्या आडून मुख्यतः सूड उगवणारा, तोच मॅलिसचा दोषी. आपल्याकडील फौजदारी कायद्यात मात्र 'सद्भावने'साठी योग्य काळजीही लागते. ही दोन मापे एक समजू नयेत.

आता समरी जजमेंट. २६ एप्रिल १९९९ पासून लागू झालेल्या दिवाणी नियमांच्या २४व्या भागाप्रमाणे, यशाची खरी शक्यता नसलेला आणि सुनावणीस दुसरे सबळ कारण नसलेला दावा पूर्ण सुनावणीशिवाय निकालात काढता येतो. तेव्हा बदनामीच्या दाव्यात ज्यूरीचा हक्क होता. तरी कोणतीही समंजस ज्यूरी मॅलिस मानणार नाही इतका पुरावा लंगडा असेल, तर न्यायाधीशाने तो प्रश्न ज्यूरीपुढे जाऊ देऊ नये, असे अपील न्यायालयाने २००१ साली अलेक्झांडर खटल्यात ठरवले. पुढे २०१३ च्या कायद्याने, १ जानेवारी २०१४ पासून, ज्यूरी हा नियम राहिला नाही. 'विधान खोटे होते' एवढ्याने वादीचे भागत नाही. मांडलेल्या घटना प्रामाणिकपणाशीही तितक्याच जुळत असतील, तर दावा टिकत नाही.

येथे आम्हाला थोडे खटकते. मन प्रतिवादीचे, कागदही त्याच्याच कपाटात. उलटतपासणीआधीच दार लावले, तर ज्याचे नाव गेले त्याने पुरावा आणावा कोठून? पण दुसरी बाजूही आहे. सचोटीने अहवाल लिहिणाऱ्या चिटणिसाला एखादा धनवान वर्षानुवर्षे कोर्टात फिरवील, आणि वकिलांच्या खर्चाच्या भीतीनेच तो माफी लिहून देईल. आमचा कल या चिटणिसाकडे आहे. अर्थात त्याच्याच हातचा, 'हे खरे नाही, तरी लिहून टाकू' असे सांगणारा एखादा चिटोरा निघाला, तर गोष्ट वेगळी.